दगडांचा रवंथ

गारा पडल्या त्या सोमवारी मेंढरामागं सत्यभामा होती, आणि ही गोष्ट गहिनीनाथाच्या मनातून काही केल्या जात नव्हती. तीस वर्षं तो स्वतः मेंढरामागं हिंडला. ऊन, वारा, लांडगे, भरधाव ट्रक, सगळं त्याच्या वाट्याला आलं, पण असल्या गारा कधी आल्या नाहीत. आणि पाय मोडून तो तीन आठवडे पालाबाहेर खाटेवर पडला, काठी बायकोच्या हातात गेली, तोच आभाळ फुटलं. यात बायकोचा काय दोष, असं कुणी विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं. पण कुणी विचारलं नाही, त्यामुळं दोष तिच्याकडंच राहिला.

त्यांचं गाव कडा या गावाजवळचं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बीडजवळच्या लिंबागणेशच्या अंगाला यायचं आणि मोकळ्या झालेल्या रानांत रात्रीची मेंढरं बसवायची, हा दरसालचा शिरस्ता. लेंडीखत रानाला, धान्य मेंढपाळाला. या साली मुक्काम सुग्रीवच्या तुरीच्या रानात होता. शेजारी सुग्रीवचाच चार एकर गहू काढणीला आलेला, आणि गव्हाच्या पलीकडून डोंगर सुरू.

कोकरं डोंगरावर न्यायची नसतात. पाय कोवळे, चालून दमतात, मागं राहतात आणि लांडग्याची सोय करतात. म्हणून ती दिवसभर पालाजवळच्या जाळीत राहायची. दिवस कलला की मेंढ्या कास भरून परतायच्या. अर्ध्या फर्लांगावरून त्यांना कोकरांचा वास यायचा आणि चालणारी मेंढी पळायला लागायची. जाळी उघडली की दहा मिनिटं नुसता गलका. शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं. एवढ्या गलक्यात प्रत्येक मेंढी आपलंच कोकरू हुंगून काढायची, दुसऱ्याचं आलं की शिंगाडायची.

सोमवारी तो गलका झाला नाही. चार वाजता आभाळ हिरवट काळं झालं आणि आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या गारा पडायला लागल्या. मेंढरांनी एकमेकींच्या पोटाखाली डोकी घातली. सत्यभामानं घोंगडी डोक्यावर घेऊन काठी आडवी धरली आणि तोंडानं हाळी चालू ठेवली. आवाज ऐकू येत असला की मेंढरू जागचं हलत नाही. पण शेजारच्या कडुलिंबावर वीज पडली, तिचा स्वतःचा आवाज तिलाच ऐकू येईना, आणि कळप मधोमध फुटला. अर्धा तिच्या पायांत राहिला. अर्धा वाऱ्याला पाठ देऊन डोंगराच्या धारेवरून पलीकडं गेला, आणि गेल्या त्या नेमक्या दुभत्या.

अंधार पडायच्या आत ती राहिलेला कळप घेऊन परतली तेव्हा तिचा उजवा खांदा काळानिळा झाला होता. जाळीत वीस-बावीस कोकरं ओरडत होती. गहिनीनाथानं एकेक मेंढी नजरेखालून घातली. मोजायची त्याला गरज नव्हती. कोण नाही ते तोंडं बघूनच कळत होतं.

"बुची कुठंय?" त्यानं विचारलं.

"गेली. धारेवरून पल्याड गेल्या समद्या."

"बसवायची व्हती."

"कुनाला?"

"मेंढरांला. गारात मेंढरं बसवावी लागत्यात."

तुम्ही बसवून दाखवा, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण त्याच्या प्लास्टरवरही गारा पडून ते पिठासारखं मऊ झालं होतं, आणि तो तसाच सरपटत जाळीपर्यंत जाऊन कोकरांवर ताडपत्री धरून बसला होता.  शिवकन्येनं, त्यांच्या सतरा वर्षांच्या लेकीनं, दोन शेळ्या पिळल्या आणि बोटावर दूध घेऊन एकेका कोकराच्या तोंडात घातलं. दोन शेळ्यांचं दूध बावीस तोंडांना म्हणजे नुसती जीभ ओली. राहिलेल्या मेंढ्यांखाली परकी कोकरं लावून बघितली, तर त्यांनी लाथा घातल्या.

मंगळवारी उजाडायच्या आत मायलेकी डोंगरात गेल्या. धारेपलीकडं एक नाही, चार घळी होत्या, आणि प्रत्येक घळीला फाटे. सगळीकडं काळे दगड, घाणेरीच्या जाळ्या, गारांनी झोडपलेला पाला. त्यांची मेंढरंही काळीच. हाळ्या घालून घसा बसला. कळपामागं गेलेलं कुत्रं तेवढं लंगडत परत आलं, ते मात्र तिसऱ्या घळीच्या अंगानं आलं. दुपारी त्या पालावर परतल्या तेव्हा कोकरं ओरडायची थांबली होती. ओरडण्यापेक्षा ते वाईट होतं.

गव्हाच्या बांधावर सुग्रीव उभा होता आणि त्याचा पुतण्या अंगद मोटरसायकलवरून एक काळी पेटी उतरवत होता. अंगदचा धंदा लग्नाच्या व्हिडिओंचा. बीडच्या एका मित्राकडून त्यानं जुना ड्रोन घेतला होता आणि पंचक्रोशीत तो ड्रोनवाला म्हणून ओळखला जात होता, म्हणजे अर्धा कौतुकानं आणि अर्धा तक्रारीनं. मागच्या लग्नात मांडवातले दिवे अख्ख्या व्हिडिओभर लुकलुकत राहिले होते आणि नवरीचा शालू घडीत लाल, घडीत जांभळा दिसला होता. नवरीच्या मामानं फोन करून, लग्न आमच्या घरचं होतं की सर्कशीचं, असं विचारलं होतं.

आज मात्र सुग्रीवला त्याची गरज होती. चार एकर गहू भुईसपाट झाला होता. पंचनाम्याला तलाठी कधी येईल याचा भरवसा नाही, तोवर वरून व्हिडिओ काढून ठेवावा, असा त्याचा बेत. ड्रोन भणभणत वर गेला. दोघं मोबाइलवर वाकले. सत्यभामा चार हातांवर उभी राहिली.

"अय बे अंगद," सुग्रीव म्हणाला, "ह्यो गहू आडवा हाय का उभा हाय?"

"आडवाच हाय की, काका."

"मला तर उभा दिसायलाय. हिरवं पिवळं फडकं हातरल्यावानी. आन् ते हलायलंय कावून? वारं तर न्हाई."

"ते चित्र येताना जरा दबून येतंय. कार्डावर चांगलं उमटतंय."

"मंग कार्ड दाखीव."

कार्ड बघायला लॅपटॉप लागायचा आणि लॅपटॉपला वीज. विजेचे खांब वादळानं आडवे केले होते. त्यांच्याबद्दल मात्र कुणाला शंका नव्हती. मोबाइल ट्रॅक्टरवर चार्ज व्हायचा, ड्रोनच्या बॅटऱ्या होत नव्हत्या. मोडलेल्या एका वरातीसाठी भरून ठेवलेल्या तीन बॅटऱ्या अंगदकडं होत्या, त्यांतली एक गव्हावर संपत आली.

"सुग्रीवभाऊ," सत्यभामा म्हणाली, "त्ये डोंगराकडं फिरवलं तर मेंढरं दिसतील का?"

सुग्रीवनं मान वर केली नाही. "आमचा गहू तर नीट दिसू दे. मंग तुझी मेंढरं."

ती उभी राहिली. गव्हाच्या चारही बांधांवरून ड्रोन फिरला, दोनदा. सुग्रीव तालुक्याच्या साहेबाला समोर बघत असल्यासारखा प्रत्येक सरीला शिव्या देत होता. त्याचंही खोटं नव्हतं. वर्षाची भाकरी चिखलात पडली होती. शेवटी बॅटरी उतरली तेव्हा अंगदच म्हणाला, "मावशी, या. दुसरी टाकतो. पन जास्ती येळ न्हाई हां, वीस मिन्टं."

मोबाइलच्या काचेत डोंगर आला. सत्यभामानं आयुष्यात तो वरून बघितला नव्हता. आधी तिला कशाचाच अर्थ लागेना. डोंगर सरकत होता आणि सरकताना त्याचे चौकोन चौकोन पडत होते, भिजलेल्या कागदासारखे. मग अंगदनं तिसऱ्या घळीवर ड्रोन थांबवला आणि चित्र बसलं. घळीच्या माथ्याशी, एका चिंचोळ्या सपाटीवर, काळ्या आकृत्या दाटीनं बसलेल्या दिसल्या.

 ती वाकली. आकृत्या जागच्या जागी बारीक हलत होत्या. फुगत होत्या, ओसरत होत्या, परत फुगत होत्या. संथ, एका तालात. हा ताल तिला ठाऊक होता. जन्मभर ती तो बघत आली होती, दुपारच्या सावलीत, रात्रीच्या चांदण्यात.

"रवंथ करायल्यात," ती म्हणाली. "बसून रवंथ करायल्यात गं शिवकन्ये!"

"मला तर दगडं वाटत्यात, मावशी," अंगद म्हणाला.

"दगड पोट हालवत असतो का रे?"

याचं उत्तर अंगदकडं होतं, पण ते त्याला त्या वेळी आठवलं नाही. सत्यभामा खाटेकडं पळाली. "सापडल्या! तिसऱ्या घळीच्या माथ्याला हायेत, बसल्यात." गहिनीनाथ कोपरावर उठून बसला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. "जा मंग," तो म्हणाला, "पानी पिऊन जा."

दोन तास चढून ती तिथं पोचली. सपाटी तीच होती, चिंचोळी, घळीच्या माथ्याशी. आकृत्या त्याच होत्या, तशाच दाटीनं बसलेल्या. ती त्यांच्यामधून चालली. एकेकीवर हात ठेवला. सगळे दगड, ऊन खाऊन तापलेले. त्यातल्या एकावर ती बसली आणि बराच वेळ उठली नाही. मेंढपाळाच्या घरात जन्मलेली, मेंढपाळाच्या घरात दिलेली बाई, आणि तिनं दगडांना मेंढरं म्हटलं. लाज वाटायला आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी तिला वाटली.

परतली तेव्हा गहिनीनाथानं तिच्या मागं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं.

"दगडं व्हते," ती म्हणाली.

तो खाटेवर परत आडवा झाला. मग म्हणाला, "मंग हाकून आनायचे की. आपल्याकडं चुलीला लागतेत."

सुग्रीव बांधावर होता, तो हसला. त्या संध्याकाळी दोन कोकरं मेली. शिवकन्येनं खड्डा काढला. बुचीचं कोकरू, पांढऱ्या कपाळाचं, अजून मान धरून होतं. अधूनमधून एक मोठी आरोळी ठोकायचं आणि परत पडून राहायचं. बुचीला जन्मतःच कान आखूड म्हणून ती बुची. कोकराचे कान मात्र लांब होते.

सत्यभामा अंगदला शोधत सुग्रीवच्या गोठ्यापर्यंत गेली. तो ट्रॅक्टरवर मोबाइल लावून बसला होता.

"अंगद, मला येक सांग. त्ये दगड हालत कावून व्हते?"

त्याला वाटलं ती भांडायला आली. "मावशी, मी म्हणलो व्हतो तुमाला…"

"भांडायला न्हाई आले. समजून सांग."

अंगदनं डोकं खाजवलं. त्याला हे त्याच्या मित्रानं सांगितलं होतं आणि अर्धंच आठवत होतं. "हे बघा. वरून चित्र येतंय ते लई जड. समदं येकदम येऊ शकत न्हाई. मंग मशीन काय करतंय, येकदा पुरं चित्र धाडतंय. त्याच्यानंतर दोन सेकंद जेवढं हललं तेवढंच धाडतंय, बाकीचं जुनंच ठेवतंय. जुनं ठेवता ठेवता ते जरा पुसट व्हत जातंय. दोन सेकंदांनी परत पुरं चित्र आलं की लख्ख. मंग परत पुसट, परत लख्ख. म्हनून ते फुगल्यावानी दिसतंय. दगडच न्हाई, झाडं, माती, समदंच."

सत्यभामा खाली बसली. "म्हंजे जे हालत न्हाई, त्याच्याकडं ते बघतच न्हाई."

"बघतंय. पन मन लावून न्हाई बघत."

"आन् तू मशीन फिरवायलास तवा?"

"तवा त्याला समदंच हलल्यावानी वाटतंय. कशाकशाकडं बघावं? मंग चौकोन पडत्यात."

सत्यभामाला माळ आठवला. माळावर मेंढपाळ काठीवर भार देऊन, एक पाय दुसऱ्याला टेकवून तासन्तास उभा राहतो. रस्त्यानं जाणारे म्हणतात, काय सुखी माणूस आहे. पण तो उभा असतो ते बघण्यासाठी. आपण हललो की सगळा माळ हलतो. आपण थांबलो की मग जे हललं ते मेंढरू, नाहीतर लांडगा.

"उद्या तुझी तिसरी बाटरी मला दे," ती म्हणाली. "येका जाग्यावर उभं करायचं. अजाबात फिरवायचं न्हाई."

"आन् मेंढ्या बसूनच ऱ्हायल्या तर? बसलेली मेंढी आन् दगड, मशीनला येकच."

"मी उठवते त्यांला."

बुधवारी सकाळी ती जाळीत शिरली आणि कोकरं उचलायला लागली. चार कोकरं घोंगडीच्या झोळीत घालून शिवकन्येच्या पाठीवर दिली, तीन स्वतः घेतली. गहिनीनाथ खाटेवरून ओरडला, "कुठं न्ह्यायलीस?"

"धारेवर. त्यांच्या आया वरडनं ऐकून उठत्याल."

"उपाशी कोकरं उनात चढवून न्हेनार? वाटंतच मरतील की!"

"हितं बी मरायलीत."

 कोकरं डोंगरावर नेत नाहीत, हे त्याला जसं ठाऊक होतं तसं तिलाही होतं. "बुचीचं तरी नगं न्हेऊ," तो खालच्या आवाजात म्हणाला. "ते टिकायचं न्हाई."

बुचीचं कोकरू तिच्या हातात होतं. सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता. तिनं ते झोळीत घातलं आणि निघाली.

चढताना अंगद सगळ्यात मागं होता. एका खांद्यावर ड्रोनची पेटी. दुसऱ्या हातात आठवं कोकरू दिलेलं, ते त्याच्या नव्या जाकिटावर मुतलं. सत्यभामाचा मुका मार बसलेला खांदा झोळीच्या पट्ट्याखाली ठणकत होता. तीनदा बसायला लागलं. दर वेळी ती झोळीत हात घालून बघायची, आणि दर वेळी हाताला ऊब लागायची.

धारेवर वारा पाठीमागून होता, घळींकडं जाणारा. हे तिनं बघून ठेवलं होतं. अंगदनं ड्रोन उडवला. "उच्च ने," ती म्हणाली, "आवाजाला भेत्यात त्या. वर घार आली म्हनून आनकी दबून बसत्याल."

"उच्च न्हेलं तर मेंढी तिळाएवढी दिसंल, मावशी."

"दिसू दे."

ड्रोन तिसऱ्या घळीवर जाऊन उभा राहिला. आवाज विरला. काचेत घळ बसली आणि तिचा प्रत्येक दगड संथपणे फुगू-ओसरू लागला. आज सत्यभामा त्याला भुलली नाही.

कोकरं एकत्र ठेवली तर एकमेकांच्या उबेनं झोपतात. तिनं ती धारेवर लांब लांब ठेवली, एकाला दुसरं दिसणार नाही अशी, आणि मग सगळ्यांकडं पाठ करून चालायला लागली. एकटं पडलेलं कोकरू ओरडतंच. पण ही ओरडेनात. एकानं तोंड उघडलं, आवाज निघाला नाही.  नवऱ्याचं ऐकायला हवं होतं, असं आयुष्यात फार थोड्या वेळा तिला वाटलं होतं, त्यातली ही एक. ती चालतच राहिली.

मग बुचीच्या कोकरानं आरोळी ठोकली. मोठी, चिरकी, रागाची. तिला जोडून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. वारा तो सगळा ओरडा उचलून घळीत घेऊन गेला.

"काय दिसतंय?" तिनं लांबून विचारलं.

"काय न्हाई. निम्मी बाटरी ऱ्हायली."

शिवकन्या काचेवरून डोळा हलवत नव्हती. कोकरं ओरडत होती. अंगदचा अंगठा रिमोटवर वळवळत होता. जरा पुढं नेऊन बघावं असं त्याला फार वाटत होतं, पण त्यानं नेलं नाही. बॅटरी आणखी खाली आली.

"अंगददादा," शिवकन्या म्हणाली, "त्यो दगड."

खालच्या कपारीपाशी, घाणेरीच्या जाळीमागं, एक दगड जागचा निघाला होता. बाकी सगळी घळ फुगत-ओसरत जिथल्या तिथं होती. हा एकच थोडा पुसट, थोडा ओढल्यासारखा, जाळीच्या बाहेर सरकत होता. त्याच्या मागं दुसरा. मग कपारीखालून काळं काही सांडावं तसे दहा-बारा एकदम निघाले.

सत्यभामाला काच बघायला लागलीच नाही. तिला खालून आवाज आला, एका मेंढीचा, घोगरा. तो तिनं ओळखला. तिनं तोंडाशी हात नेऊन हाळी दिली, आणि बसलेल्या घशातून ती कशीबशी निघाली तरी पुरली.

मेंढ्या घळीतून चढून धारेवर आल्या तेव्हा त्यांच्या पाठीवर गारांचे वण होते आणि कासा दगडासारख्या घट्ट. पुढचा अर्धा तास कुणाला बोलायला उसंत नव्हती. तुंबलेली कास दुखते, कोकरानं तोंड लावलं की मेंढी लाथ घालते. म्हणून आधी हातानं पिळून ते शिळं दूध मातीत सोडायचं, कास मऊ करायची आणि मग कोकरू लावायचं. बाकीची कोकरं पालावर वाट बघत होती. त्यांच्या आयांना निदान चालण्यापुरतं मोकळं करायला हवं होतं. सत्यभामा गुडघ्यावर बसून एकेकीला घेत होती. अंगदनं उरलेली बॅटरी राखायला ड्रोन आधीच खाली उतरवला होता, त्याला तिनं शिंगं धरायला लावलं. पहिलं कोकरू चुरूचुरू पिऊ लागलं आणि त्याची शेपटी हलायला लागली तेव्हा तिचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं ते वाहू दिले.

बुची आली नव्हती. तिचं कोकरू एकीकडून दुसरीकडं जात होतं, प्रत्येक ठिकाणी टक्कर खाऊन परत येत होतं.

"पाच मिन्टांची बाटरी हाय अजून," अंगद म्हणाला. "येकदा खाली न्हेऊन बघू?"

ड्रोन परत उडून कपारीवर खाली गेला. चित्र फाटलं, मग बसलं. कपारीच्या खाली ओघळात, चार दगडांच्या बेचक्यात एक काळी आकृती आडवी पडली होती. तिचं पोट फुगत होतं, ओसरत होतं.

"आई, बुची!" शिवकन्या ओरडली. "जित्ती हाय! पोट बघ तिचं!"

सत्यभामा हातातली कास न सोडता वाकली. तिनं बघितलं. आकृती हलत होती. शेजारचा दगड हलत होता. त्याच्या शेजारचं झुडूपही त्याच तालात हलत होतं.

"दगड हाय," ती म्हणाली.

"अगं हालतंय!"

"समदंच हालतंय. इचार त्याला."

अंगद ओशाळला. "तसं तर… समदंच हलतंय, खरं." तेवढ्यात मोबाइल किंचाळायला लागला आणि ड्रोन आपणहून परत फिरला.

"म्या काल असल्याच दगडापायी दोन तास चढले," सत्यभामा म्हणाली. "गेली असंल बुची. ह्या हायेत त्या संबाळू."

 शिवकन्येनं झोळी खाली ठेवली, ओढणी कमरेला खोचली आणि घळीत उतरायला लागली. सत्यभामानं दोन हाका मारल्या. पोरीनं वळून बघितलं नाही. खडी घरंगळल्याचा आवाज खाली खाली गेला. "आईवर गेलीय," सत्यभामा अंगदला म्हणाली, रागानंच. "सांगितलेलं आयकायचं न्हाई." आणि पुढची मेंढी ओढली. तिला पोरीचा राग आला होता, कारण आता पोर दगडावर हात ठेवून येणार आणि तेच तोंड घेऊन परतणार जे काल तिचं स्वतःचं होतं.

बराच वेळ काही आलं नाही. मग खालून हाक आली.

"आई! पाय मोडलाय! जित्ती हाय, आई!"

सत्यभामाच्या हातातली कास सुटली. तिनं बुचीचं कोकरू उचललं आणि वाट न बघता उतरली, बसत, घसरत, एका हातानं घाणेरी धरत. कपारीखाली ओघळात बुची आडवी होती. मागचा पाय दोन दगडांत अडकून वाकडा झालेला, तोंडाला फेस, डोळे अर्धे मिटलेले. शिवकन्या तिच्या मानेखाली हात घालून बसली होती. सत्यभामानं कोकरू खाली ठेवलं. ते गुडघ्यावर बसलं, कासेत तोंड खुपसलं आणि ढुशी मारली. बुचीनं लाथ घातली नाही. घालायला पायच नव्हता. तिनं मान थोडी वळवली आणि कोकराच्या पाठीचा वास घेतला.

सत्यभामा तिच्या डोक्याजवळ बसली. हात तिच्या आखूड कानावर ठेवला. बरगड्या खालीवर होत होत्या; खऱ्याच होत होत्या, मधूनच चुकत, मधूनच घाईनं.

"बुचे," ती म्हणाली, "म्या तुला दगड म्हनले गं."

शिवकन्येनं आईकडं बघितलं आणि मग नजर काढून घेतली. कोकराचं पिणं होईपर्यंत दोघी बसून राहिल्या. मग शिवकन्येनं दगड बाजूला सारला आणि घोंगडी पसरली.

"म्होरून धर, आई," ती म्हणाली. "मी मागून धरते. पाय हालू द्यायचा न्हाई."

सत्यभामानं पुढचे पाय धरले, आणि दोघींनी बुचीला उचललं.